प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञांना लागणारी पुराव्यावर आधारित माहिती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण रुग्णालयांत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतते.

"पुराव्यावर आधारित" म्हणजे शोधनिबंधात लिहिलंय तसं करायचं, एवढंच ना?

एवढंच नाही. संशोधनातून एखादा उपचार बहुतेकांना किती उपयोगी पडतो ते कळतं. समोर बसलेल्या बाईंना तो झेपेल का, हे त्यात लिहिलेलं नसतं. दर आठवड्याला एक बैठक घ्या, असं पुस्तिका सांगते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाईंना किलोवर मजुरी मिळते आणि आरोग्य केंद्रात आल्या की त्या दिवसाची मजुरी बुडते. मग बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायची, कारण त्या दिवशी त्या तशाही गावात येणारच असतात. उपचार तोच राहतो, फक्त वेळ त्यांच्या सोयीची होते. पुराव्यातलं काय बदललं तर चालतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे कळणं हेच खरं कौशल्य.

डॉक्टरांसाठी असलेली माहिती मला का पुरत नाही?

डॉक्टरांचा प्रश्न बहुधा एका ओळीत सुटतो: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, किती दिवस. तुमचा तसा सुटत नाही. सौम्य ते मध्यम नैराश्यात वर्तन-सक्रियता, म्हणजे छोट्या ठरवलेल्या कृतींतून माणसाला पुन्हा हालतं करणारं बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, उपयोगी पडतं हे सारांश वाचून दोन मिनिटांत समजतं. पण पहिल्या बैठकीत काय विचारायचं, दिलेलं काम माणसाने केलंच नाही तर पुढे काय, तिसऱ्या वेळी तो आलाच नाही तर काय, हे सारांशात नसतं. ते उपचाराच्या पुस्तिकेत असतं. म्हणून आमचा आग्रह असा, की शोधनिबंध सापडला की त्यातल्या उपचाराची पुस्तिकाही शोधा. पुस्तिका मिळाली नाही तर तो पुरावा तुमच्या हाती अर्धाच आला.

चांगल्या पुस्तिका फुकट मिळतात. गोव्यातल्या संगाथ संस्थेने नैराश्यासाठी 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' आणि दारूसाठी 'कौन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स' या दोन्ही पुस्तिका खुल्या ठेवल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा 'प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस' आठवड्याला एक अशा पाच बैठकांचा आहे, प्रत्येक बैठक दीड तासाची. बाळंतपणाच्या आसपासच्या नैराश्यासाठी 'थिंकिंग हेल्दी' आहे. तो पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत, तिथल्या आशाताईंसारख्याच महिला आरोग्य कार्यकर्त्यांनी राबवून तपासला गेला.

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: नाव वर्तन-सक्रियतेचं असतं आणि प्रत्यक्षात "टेन्शन घेऊ नका, चांगला विचार करा" असा सल्ला दिला जातो. त्या सल्ल्यामागे पुरावा नाही. पुरावा आहे तो नेमक्या कृतीमागे. "रोज थोडं फिरा" हे काम झालं नाही. "उद्या सकाळी चहा झाला की गोठ्यापर्यंत जायचं, बैलाला पाणी दाखवायचं आणि परत यायचं" हे काम झालं. वेळ, जागा, कृती, तिन्ही ठरलं. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न याच कामाचा. झालं नसेल तर रागवायचं नाही, काम निम्मं करायचं. गोठ्याऐवजी अंगणापर्यंत.

ओपीडीत श्वास घ्यायला वेळ नाही. वाचायचं कधी?

ओपीडीत वाचायचंच नाही. ओपीडीत प्रश्न टिपायचा. खिशात छोटी वही ठेवा आणि अडलेला प्रश्न त्याच वेळी एका ओळीत लिहा. आठवड्यातून एकदा बसून त्यातला एकच प्रश्न सोडवा.

प्रश्न जेवढा नेमका, तेवढं शोधणं सोपं. "नैराश्यावर काय उपयोगी?" असं विचाराल तर हजारो निबंध पुढ्यात येतील. "पन्नाशीच्या, मधुमेह असलेल्या, मध्यम नैराश्याच्या शेतमजूर बाईंना गोळ्यांच्या जोडीला बैठका दिल्या, तर नुसत्या गोळ्यांपेक्षा तीन महिन्यांत जास्त फरक पडेल का?" असं विचाराल तर मोजके येतील. रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फरक कशात मोजायचा: हे चार तुकडे लिहिल्याशिवाय मोबाइल हातात घेऊ नका.

शोधायचं कुठे? पैसे भरून वाचणं परवडत नाही.

आधी मार्गदर्शिका, मग पद्धतशीर आढावे (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासलेले), मग सुटे निबंध, याच क्रमाने. बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर उत्तर मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची एमएचगॅप मार्गदर्शिका हे प्राथमिक आरोग्य केंद्रासाठीच लिहिलेलं पुस्तक आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१६ ची, आणि त्यामागच्या शिफारशी २०२३ मध्ये नव्याने तपासून प्रसिद्ध झाल्या. पीडीएफ फुकट मिळते. छापून, स्पायरल करून टेबलावर ठेवा, मोबाइलमध्येही उतरवून घ्या. मेळघाटात किंवा भामरागडच्या बाजूला उपकेंद्रावर गेल्यावर नेटवर्क शोधत बसण्यात अर्थ नाही.

असे आढावे करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश सगळ्यांना खुले आहेत. पूर्ण आढावाही प्रसिद्ध झाल्यावर १२ महिन्यांनी खुला होतो.

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीवर शब्द इंग्रजीतच टाकावे लागतात. आजाराचं नाव, मग 'प्रायमरी केअर', मग 'इंडिया', आणि डाव्या बाजूला 'फ्री फुल टेक्स्ट' व 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' या खुणा. काहीच आलं नाही तर 'इंडिया' काढून 'लो इन्कम' टाकून बघा. निबंध कुलूपबंद असेल तर त्यातल्या संपर्क-लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, बरेच जण प्रत पाठवतात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना हजारो नियतकालिकं मिळू लागली आहेत. जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांशी ओळख करून ठेवा. ग्रंथपाल हा या कामातला सगळ्यात कमी वापरला जाणारा माणूस आहे.

चॅटबॉटला विचारलं तर चालतं का? ग्रुपवर पीडीएफही येतात.

शब्द सुचवायला, इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला चॅटबॉटचा उपयोग होतो. पण तो नसलेल्या निबंधांची नावं खऱ्यासारखी सांगतो. दिलेला निबंध पबमेडवर उघडून पाहिल्याशिवाय त्यातला आकडा केसपेपरवर उतरवू नका. रुग्णाचं नाव, गाव, जात, आजार त्यात टाकू नका. ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर वर्ष आणि प्रकाशक नसेल तर ती बाजूला ठेवा.

निबंध मिळाला. दहा मिनिटांत कसा वाचू?

एक खरा निबंध घेऊनच बघू. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतला 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'चा अभ्यास 'द लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आला.

आधी बघा, माणसं कोण होती. ४९३ जण, वय १८ ते ६५, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवर २७ पैकी १४ च्या वर गुण, म्हणजे सौम्य नैराश्यवाले यात नव्हते. मग बघा, कोणी काय केलं. मानसिक आरोग्याची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ बैठका घेतल्या, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांच्या. तुलना कशाशी? केंद्रातल्या नेहमीच्या उपचारात थोडी सुधारणा करून दिलेल्या काळजीशी. तीन महिन्यांनी नैराश्य उतरलेले (गुण १० च्या खाली) बैठकांच्या गटात ६४ टक्के, दुसऱ्या गटात ३९ टक्के.

हे आकडे शंभर माणसांवर मांडा. शंभरातल्या ३९ जणांना बैठकांशिवायही बरं वाटलं. बैठकांमुळे आणखी २५ जणांना वाटलं. म्हणजे चार जणांना पूर्ण बैठका दिल्या की एक जास्तीचा माणूस सावरतो. मानसोपचारात हा परिणाम चांगलाच म्हणायचा. पण उरलेले ३६ अजून त्रासातच आहेत, त्यांच्यासाठी पुढची पायरी तयार हवी. "६४ टक्के बरे झाले" एवढाच आकडा सांगून जो थांबतो, त्याने निबंध अर्धाच वाचला.

शेवटचा प्रश्न तुमचा: माझी माणसं त्या माणसांसारखी आहेत का? गोव्यात आरोग्य केंद्र घराजवळ आहे. चिखलदऱ्याच्या पाड्यावरून येणाऱ्याला आठ वेळा या म्हणणं वेगळं. तिथे काही बैठका घरी किंवा उपकेंद्रावर घ्याव्या लागतील.

पीएचक्यू-९ वर १० गुण आले. नैराश्य आहे असं लिहू का?

लिहू नका. "तपासणीची गरज आहे" एवढंच लिहा.

या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. गुण ५, १०, १५ आणि २० ला तीव्रतेची पायरी बदलते. १० ही नेहमीची सीमा. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा या सीमेवर खऱ्या रुग्णांतले साधारण ८८ टक्के सापडतात आणि आजार नसलेल्यांतले ८५ टक्के बरोबर वगळले जातात. ऐकायला उत्तम. आता ओपीडीत बसवा. समजा १०० जणांत १० जणांना खरं नैराश्य आहे. त्यातले ९ सापडतील. उरलेल्या ९० जणांतल्या १३-१४ जणांनाही १० किंवा जास्त गुण येतील. म्हणजे सीमा ओलांडलेल्या २२-२३ जणांत खरे रुग्ण ९. निम्म्याहून कमी. घरोघरच्या सर्वेक्षणात, जिथे आजाराचं प्रमाण आणखी कमी, तिथे हे गणित आणखी बिघडतं. म्हणून प्रश्नावलीनंतर मुलाखत हवीच: कधीपासून, कामावर काय परिणाम, कोणी गेलं का घरातलं, पूर्वी कधी अतिउत्साहाचा काळ आला होता का.

आणि नववा प्रश्न, म्हणजे मरण बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करायचे विचार येणं. एकूण गुण ४ असोत की २४, नवव्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं की त्याच दिवशी, त्याच खोलीत पुढची चौकशी.

छापील मराठी लोकांना कळत नाही. वऱ्हाडीत विचारलं तर गुण ग्राह्य धरायचे का?

शब्द समजावून सांगायला हरकत नाही, प्रश्नाचा अर्थ बदलायला आहे. "कामात रस किंवा आनंद न वाटणे" याला "मन लागत नाही का कामात?" असं विचारता येतं. पण आमच्याकडे माणूस उदासी हा शब्द क्वचितच वापरतो. तो म्हणतो, "मले करमूनच नाही राह्यलं", "जीव घाबरते", "डोकं भनभन करते", "अंगात ताकदच नाही". हे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहा. तीन महिन्यांनी फरक पडला का, हे त्याच शब्दांत विचारता येतं.

खरी अडचण काळाची आणि मोजणीची. "गेल्या दोन आठवड्यांत" म्हटलं की लोक गेल्या वर्षाचं सांगतात. "मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजवर" म्हणा, लगेच कळतं. "निम्म्यापेक्षा जास्त दिवस" हा पर्याय तर अनेकांना पकडताच येत नाही. टेबलावर तुरीचे १४ दाणे ठेवा, एक दाणा म्हणजे एक दिवस, आणि जेवढे दिवस त्रास झाला तेवढे बाजूला सरकवायला सांगा. एकही नाही तर ०, सातपर्यंत १, आठपासून २, जवळजवळ सगळे सरकले तर ३. अशी मदत केली असेल तर तशी नोंद करा आणि पुढच्या वेळीही तशीच करा, नाहीतर दोन वेळच्या गुणांची तुलना होत नाही.

हंगामही लक्षात ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणी आणि वेचणी चालू असते, थकव्याच्या प्रश्नाला सगळेच ३ सांगतील.

कोरकू, गोंडी, माडिया बोलणाऱ्यांसाठी तोंडी भाषांतर करून काढलेला गुण खरा गुण म्हणून लिहू नका. मुलाखतीवर भर द्या. दुभाषा म्हणून नवरा, सासू किंवा मुलगा नको, आशाताई किंवा नर्सताई चालतील. नववा प्रश्न घरच्या माणसासमोर विचारला की उत्तर "नाही"च येतं.

आपल्या विदर्भातला काही पुरावा आहे का, की सगळं परदेशातलंच?

आहे, आणि महत्त्वाचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के झालं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलून, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंतची साखळी उभी केल्यावर हे घडलं. मात्र तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं त्यात नव्हती. त्यामुळे झालेला सगळाच बदल कार्यक्रमामुळे झाला, असं ठामपणे म्हणता येत नाही. तरीही "खेड्यात लोक मानसिक त्रासासाठी येतच नाहीत" या तक्रारीला याहून चांगलं उत्तर नाही.

उलट राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ सांभाळून वापरा. १८ वर्षांवरच्या १०.६ टक्के लोकांना सध्या मानसिक आजार, हा आकडा त्यातलाच. पण त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हे शेजारी होते. अहवालात "विदर्भात १०.६ टक्के" असं लिहिलेलं दिसलं तर ते चूक आहे.

आत्महत्येचा धोका असलेल्या माणसासाठी खरोखर काय उपयोगी पडतं?

पहिली भीती काढून टाका. विचारल्याने मनात तो विचार पेरला जात नाही. साध्या शब्दांत विचारा: "एवढा तरास होऊन राह्यला, तर जीव द्यायचा विचार येते का मनात?" आला तर क्रमाने पुढे जा. किती वेळा, काही ठरवलंय का, कशाने, ती वस्तू आत्ता कुठे आहे, आधी कधी प्रयत्न केला होता का, आज घरी सोबत कोण आहे.

"कशाने" याचं उत्तर आपल्याकडे बहुधा फवारणीचं औषध असतं. इथे पुरावा नीट वाचायला हवा. श्रीलंकेत १८० गावांत मोठा अभ्यास झाला. निम्म्या गावांतल्या घरांना कीटकनाशकासाठी कुलपाची पेटी दिली. २०१७ साली निष्कर्ष आले: कीटकनाशक पिण्याचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. म्हणून गावभर पेट्या वाटायची योजना कोणी मांडली, तर हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा.

पण याचा अर्थ समोरच्या माणसाच्या घरातली बाटली तशीच राहू द्या असा नाही. सगळ्या गावाला पेटी देणं आणि आज धोक्यात असलेल्या एका माणसापासून विष दूर नेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची शिफारस एमएचगॅपमध्ये स्पष्ट आहे. घरात कुलूप लावून किल्ली त्याच घरात राहत असेल तर ते दूर नेणं नाही. बाटली भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी जायला हवी, आणि ती कोण नेणार, कधी नेणार, हे रुग्णाची संमती घेऊन खोलीतच ठरवायला हवं. संध्याकाळी फोन करून नेली का ते विचारा.

प्रयत्न करून वाचलेल्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे ठरवून ठेवलेला संपर्क. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात आपलं चेन्नईही होतं, १,८६७ जणांवर तो तपासला. रुग्णालय सोडताना साधारण एक तासाची समोरासमोर बैठक, मग ९ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात आणि चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. दीड वर्षात आत्महत्येने मृत्यू संपर्क ठेवलेल्यांत ०.२ टक्के, नेहमीच्या उपचारात २.२ टक्के. या नऊही तारखा त्याच दिवशी केसपेपरवर लिहा आणि आशाताईंच्या वहीतही लिहून द्या. फोन नंबर दोन घ्या. मोबाइल घरात एक असतो आणि रिचार्ज संपलेला असतो.

"पोलीस केस होईल" म्हणून घरचे प्रयत्न लपवतात, "चुकून पोटात गेलं" सांगतात. त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. रुग्णालयात एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद होते, ती वेगळी गोष्ट. रात्री तुम्ही नसताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. नुसता कागद देऊ नका, त्यांच्याच मोबाइलमध्ये नंबर टाकून द्या.

दारूसाठी कोणता पुरावा वापरायचा?

गोव्यातल्याच 'कौन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स'चा. १ ते ४ बैठका. पण तो अभ्यास पुरुषांवर झाला आणि ऑडिट या दारूच्या सवयीच्या प्रश्नावलीत १२ ते १९ गुण असलेल्यांवर. २० आणि त्यावरच्या माणसाला फक्त बैठका देणं धोक्याचं. त्याने एकदम दारू सोडली तर काही तासांत हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत भ्रम किंवा झटके येऊ शकतात. त्याला आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. "आजपासून सोड, शपथ घे" हे वाक्य अशा माणसाला कधीही म्हणू नका.

ऑडिटमध्ये 'एक पेय' हे माप बाटलीवरच्या आकड्यांवरून धरलेलं आहे. मोहाच्या किंवा हातभट्टीच्या दारूवर आकडा नसतो. म्हणून ग्लास किती मोठा, दिवसाला किती, पैसे किती जातात, असं विचारा. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथे माणूस पितो हे कबूल करायलाच घाबरतो. आधी सांगा की हे पोलिसांकडे जाणार नाही, मग प्रश्न विचारा.

मानसिक वाटणारा त्रास शारीरिक निघाला तर?

असं नेहमी होतं, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आधी बोलायचं. थकवा आणि उदासीमागे रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, साखर असू शकते. पूर्व विदर्भात वारंवार हातपाय दुखणाऱ्या तरुणाला "मनाचं आहे" म्हणण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली का ते बघा.

जुलै ते ऑक्टोबर एक प्रश्न प्रत्येकाला विचारा: "दोन-तीन दिवसांत फवारणी केली का?" अस्वस्थपणा, घाबरणं, गोंधळ, झोप उडणं यांच्या जोडीला घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या असतील तर ती विषबाधा असू शकते. अशा वेळी समुपदेशन थांबवून माणसाला लगेच डॉक्टरांपुढे न्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली.

औषधं मी लिहीत नाही. मग त्यांची माहिती कशाला?

कारण औषध का सोडलं, हे रुग्ण तुम्हालाच सांगतो. चार गोष्टी पक्क्या हव्यात. नैराश्याच्या गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, "आठ दिवस घेतली, फरक नाही" म्हणून ती सोडली जाते. बरं वाटल्यावरही एमएचगॅप ९ ते १२ महिने चालू ठेवायला सांगतं. ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची गोळी एकदम जास्त घेतली तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे धोका असलेल्या माणसाच्या घरी महिन्याचा साठा नको, हे डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेली झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल तर ती एकदम बंद करायची नसते. डोस ठरवणं, बदलणं डॉक्टरांकडेच.

पुराव्याने नको म्हटलेलं काय आहे?

आपत्तीनंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर लगेच सगळ्यांना बसवून घडलेलं तपशीलवार बोलायला लावणं. एका बैठकीच्या अशा 'डीब्रीफिंग'चा फायदा आढाव्यांत दिसला नाही. त्याऐवजी जेवण, झोप, सुरक्षितता, जवळची माणसं यांची सोय बघा. बोलायचं असेल त्याचं ऐका, नसेल त्याला बोलतं करू नका. दुःखात असलेल्याला झोपेच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत, हेही त्यातच आलं.

लोक आधी भूमकाकडे (पाड्यावरच्या पारंपरिक उपचारकाकडे), देवाकडे जातात. तोडायचं का?

तोडू नका. उपचाराला उशीर, साखळदंड, मारहाण किंवा औषध बंद करायला सांगणं होत असेल तर तिथे ठाम राहा. बाकी वेळी भूमकालाच झटके, फेफरं, जीव द्यायची भाषा, अशा खुणा सांगून ठेवा आणि अशा माणसाला इकडे पाठवायला सांगा.

पडद्यामागे बसून बोलावं लागतं. गोपनीयतेचं काय?

२०१७ च्या अधिनियमातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पडद्याने तो पाळला जात नाही. दुपारी लसीकरणाची खोली मोकळी असते, ती मागून घ्या. अपवादही रुग्णाला सुरुवातीलाच सांगा: जिवाला धोका असेल तर, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवावंच लागतं.

माझ्या प्रश्नावर पुरावाच सापडला नाही तर?

बऱ्याचदा सापडणार नाही. कर्जवसुलीच्या काळातल्या घाबरण्यावर, माडिया बोलणाऱ्या बाळंतिणीवर निबंध नाहीत. मग जवळात जवळचा पुरावा घ्या, का घेतला ते लिहा आणि स्वतः मोजा. एका रजिस्टरमध्ये बैठकीची तारीख, गुण, दिलेलं काम, ते झालं की नाही, पुढची तारीख.

मोजताना एक सापळा आहे. माणूस येतो तेव्हा त्रास सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे काही न करताही पुढचा गुण थोडा खाली येतो. आणि शेवटपर्यंत टिकलेलेच मोजले तर सगळं छान दिसतं. म्हणून सुरुवातीला आलेले सगळे धरून टक्केवारी काढा: २० आले, ११ टिकले, ८ सावरले, तर ते २० पैकी ८. न आलेल्या ९ जणांसाठी वेगळा रकाना ठेवा आणि आशाताईंकडून कळलेलं कारण त्यात दोन-तीन शब्दांत लिहा. "वेचणी सुरू." "एसटी बंद." "सासू नको म्हणते." "बरं वाटलं." तीन महिन्यांनी हा रकाना वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत बसून वाचा. बैठकीचा वार बदलायचा की जागा, ते त्यातूनच कळतं.